नवा सभासद कामातून येतो : नाशिकच्या सेवा क्लबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रोटरी, लायन्स, जेसीज, इनरव्हील आणि त्यांच्यासारखे गल्लोगल्लीचे स्थानिक क्लब मिळून नाशिकमध्ये बरीच मंडळी समाजकाम करतात. तरीही जुलैतला पदग्रहण सोहळा आटोपला की तीच काळजी कानावर येते. सभेला पंधरा-वीस डोकी, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि नवा माणूस आलाच तर दिवाळीनंतर दिसेनासा होतो. यावर नेहमीचा तोडगा म्हणजे सभासद वाढवण्याची मोहीम. प्रत्येकाने एक तरी नवा सभासद आणायचा, असा ठराव होतो. मग कुणाचा मेहुणा, कुणाचा भागीदार, कुणाचा शेजारी भिडेखातर वर्गणी भरतो, क्लबाच्या चिन्हाची पिन लावून घेतो, सहकुटुंब फोटो काढतो आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीचा निरोप आला की राजीनामा देतो.

माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा लावला पाहिजे. आधी काम ठरवायचं आणि माणूस त्या कामातून येऊ द्यायचा. ज्याच्या हाताला पहिल्या महिन्यात खरं काम मिळतं, तो टिकतो. ज्याला फक्त खुर्ची मिळते, तो आज ना उद्या जातो. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. तुमचा क्लब आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडलेला असो वा कॉलनीतल्या वीस जणांनी मिळून काढलेला असो, यातलं बहुतेक सगळं तुम्हाला लागू पडेल.

टप्पा १ : आधी सभासदांची यादी उघडा

एका रविवारी अध्यक्ष, सचिव आणि क्लबात येऊन दोन वर्षंही न झालेला एक सभासद, असे तिघे बसा. तिसरा माणूस मुद्दाम नवा घ्या, कारण जुन्यांना ज्या गोष्टी सवयीच्या झाल्यात त्या त्याला खुपतात. यादीत नाव आणि फोननंबर असतोच. त्यापुढे पाच रकाने वाढवा : वय, व्यवसाय, राहतो कुठल्या भागात, गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष कोणत्या कामावर हजर होता, आणि त्याला काय चांगलं येतं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. कुणाला ट्रक मिळवून देता येतो, कुणाला सरकारी पत्र नीट लिहिता येतं, कुणाचं गणित चांगलं, कुणाची दिंडोरी-निफाडकडे ओळख. ही माहिती बहुतेक क्लबांत कुणाच्या तरी डोक्यात असते, कागदावर नसते.

यादी भरली की चित्र आपोआप दिसतं. सगळे सभासद गंगापूर रोड आणि कॉलेज रोडचेच आहेत का? सिडको, सातपूर, पंचवटी, म्हसरूळ, नाशिकरोड इथलं कुणी आहे का? सगळे डॉक्टर, बिल्डर आणि सीए आहेत का? १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिसने रोटरीची पहिली बैठक घेतली तेव्हा तिथे चौघे होते : तो स्वतः वकील, बाकीच्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक कपडे शिवणारा. चार धंद्यांची चार माणसं. ही मूळ कल्पना आजही तितकीच कामाची आहे. ज्या क्लबात शाळामास्तर, नर्स, द्राक्ष बागायतदार, अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ एकत्र बसतात, त्या क्लबाला कुठल्याही कामासाठी बाहेर माणूस शोधत फिरावं लागत नाही.

याच बैठकीत आणखी एक यादी करा : गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची. त्यांना फोन करा. "का सोडलंत?" असं विचारू नका. वेळ नव्हता, एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "क्लबात असताना तुमच्याकडे कोणतं काम होतं?" बहुतेकांना आठवून सांगता येत नाही. गळतीचं कारण तिथेच कळतं, आणि त्यातले दोन-तीन जण नीट काम दिलं तर परतही येतात.

टप्पा २ : गरज विचारून घ्या, मग प्रकल्प ठरवा

एसी हॉलमध्ये बसून गरज ठरवली की वह्यावाटप, ब्लँकेटवाटप आणि वृक्षारोपण एवढंच सुचतं. वाईट काहीच नाही त्यात, पण एकाच आश्रमशाळेत जून महिन्यात तीन संस्था दप्तरं वाटून जातात आणि तिथल्या मुलींच्या न्हाणीघराला दार नसतं, हे चित्र आपल्या जिल्ह्यात नवं नाही. म्हणून आधी विचारायचं. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक, गावातली आशाताई, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), महापालिकेच्या शाळेतल्या बाई, सिव्हिल हॉस्पिटलमधले समाजसेवा अधीक्षक यांना गाठा. त्यांना एकच प्रश्न टाका : "गेल्या वर्षी कुणी काय दिलं, आणि त्यातलं काय पडून आहे?" उत्तर ऐकलं की काय देऊ नये हे आधी समजतं.

आश्रमशाळेत काम करायचं असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पत्र द्यावं लागतं. जिल्ह्यात अशी कार्यालयं नाशिक आणि कळवणला आहेत. शाळा कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येते ते मुख्याध्यापक सांगतात. परवानगीला वेळ लागतो, तो धरून चाला.

प्रकल्प निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. हे काम कुणीतरी मागितलेलं आहे का? पहिल्यांदाच आलेल्या माणसाला करता येईल असं काही त्यात आहे का? आणि काम संपल्यावर सहा महिन्यांनी आपण परत जाऊन पाहणार आहोत का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच प्रकल्प गळतात.

नेत्रतपासणी शिबिराचंच घ्या. दोनशे लोक तपासले, बातमी छापून आली, झालं. पण मोतीबिंदू निघालेल्या आजीबाईंना शस्त्रक्रियेला नेलं कुणी? नंबर काढलेले चष्मे गावात पोचले का? शिबिराचा दिवस हा कामाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. पुढचे दोन महिने फोन करून रुग्णांना आणणं, त्यांच्या घरच्यांना समजावणं, चष्मे घेऊन परत जाणं, हा उरलेला भाग. आणि नव्या सभासदाला द्यायला यासारखं काम नाही. पाच रुग्णांची नावं आणि फोन त्याच्या हाती द्या. पाचही जणांची शस्त्रक्रिया होईपर्यंत ती जबाबदारी त्याची.

रक्तदान शिबिराची तारीखसुद्धा विचार करून ठरवावी. स्वातंत्र्यदिन, नेत्यांचे वाढदिवस या दिवसांना शिबिरांची गर्दी होते आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना आणि लोक गावाला गेलेले असताना, रक्तपेढ्यांत चणचण भासते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. रक्तपेढीशी बोलून त्यांना कधी गरज आहे ते विचारा आणि मेच्या उत्तरार्धात आणि दिवाळीच्या सुट्टीत अशी दोन शिबिरं दरवर्षी पक्की करून टाका. सोसायटीतल्या, कारखान्यातल्या लोकांची यादी तयार ठेवली तर तेच दाते पुन्हा येतात, आणि त्यांच्यातूनच क्लबाचा पुढचा सभासद मिळतो.

टप्पा ३ : एक प्रकल्प असा धरा की ज्यात सगळ्यांच्या हाताला माती लागेल

नाशिकच्या क्लबांसाठी माझ्या पसंतीचा प्रकल्प वनराई बंधारा. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस धो-धो पडतो आणि तरी एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन कोसभर चालतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरायच्या आत वाहून जातं. पावसाळा संपल्यावर ओहळांना जे पाणी काही आठवडे वाहत राहतं ते अडवलं तर जनावरांना, हरभऱ्याच्या एखाद्या पाण्याला आणि शेजारच्या विहिरीला आधार मिळतो. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरून रचलेला बांध, एवढंच त्याचं तंत्र. खर्च नगण्य.

वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांधलात तर परतीचा पाऊस बांध घेऊन जातो, जानेवारीत गेलात तर ओहळ आटलेला असतो. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा ही खरी वेळ.

जागा आपण निवडायची नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) बरोबर घ्या, ग्रामपंचायतीची संमती घ्या आणि त्याआधी गावातल्या बायांशी बोला. कोणत्या ओहळाला संक्रांतीपर्यंत धार असते हे पाणी भरणारीला बरोबर ठाऊक असतं. गाव श्रमदानाला तयार असेल तरच जा. शहरातले लोक येऊन बांधून गेले, असा बंधारा पुढच्या वर्षी कुणी बांधत नाही.

पोती किती लागतील याचा हिशेब आधी करा. ओहळ दहा मीटर रुंद, बांध एक मीटर उंच आणि सरासरी दीड मीटर जाड धरला तर पंधरा घनमीटर माती झाली. भरलेल्या पोत्यात साधारण ०.०३ घनमीटर माती बसते. म्हणजे पाचशे पोती. वर पन्नास जास्तीची घ्या, कारण काही फाटकी निघतात. नाशिकमध्ये पोत्यांना तोटा नाही. पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत बांधकामं चालू आहेत. क्लबातल्या बिल्डरने साइटवरच्या वॉचमनला महिनाभर आधी सांगून ठेवलं की पोती साठतात. ती झटकून, मोजून, पन्नासाचे गठ्ठे बांधून ठेवायची. हे काम एका नव्या सभासदाचं, आणि त्याच्या मदतीला कॉलेजची चार मुलं.

प्रत्यक्ष बांधताना ओहळाच्या तळातली सुटी वाळू आणि गोटे उपसून पक्का थर उघडा करायचा. यात आळस केला तर पाणी बांधाच्या खालून निघून जातं. पोतं तीन-चतुर्थांशच भरायचं, म्हणजे ते चपटं बसतं. ठासून भरलेलं पोतं गोल राहतं आणि फटी पडतात. दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं. पहिला थर रुंद, वर निमुळतं, आणि विटांच्या बांधकामात करतात तसा प्रत्येक थराचा सांधा मोडायचा. दोन्ही टोकं काठात हातभर घुसवायची. फटीत चिकणमाती दाबायची. तीस-चाळीस माणसं असतील तर सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी जेवणापर्यंत आटोपतं. मग गावातच बसून नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन खायचं. शिधा क्लबाचा, रांधणं गावाचं, पंगत एकत्र.

बंधारा बांधून झाला की निम्मंच काम झालेलं असतं. जवळच्या विहिरीचं पाणी किती खोल आहे ते बांधण्याआधी दोरीने मोजून घ्या आणि मग दर पंधरा दिवसांनी गावातल्या शिक्षकांना फोन करून आकडा लिहून ठेवा. ही वही मार्चपर्यंत एका नव्या सभासदाकडे द्यायची. तिच्या आधारावर पुढच्या वर्षी कुठे बांधायचं ते ठरतं. मे महिन्यात पुन्हा एक फेरी करून फाटलेली पोती उचलून आणायची, नाहीतर पहिल्या पावसात तेच प्लास्टिक नदीत जातं.

एका बंधाऱ्यात किती जणांना वेगवेगळं काम मिळालं ते मोजून पाहा : पोती, हत्यारं, गाड्या, शिधा, प्रथमोपचार, पत्रव्यवहार, नोंदवही. कोणतंही काम लुटुपुटूचं नाही. एक जरी अडलं तर सगळ्यांचं अडतं. असंच काम माणसाला क्लबात बांधून ठेवतं.

टप्पा ४ : बोलवायचं ते कामाला

"आमच्या क्लबाचे सभासद व्हा," असं पहिल्याच भेटीत म्हटलं की समोरचा मनात वर्गणीचा आकडा मांडायला लागतो. त्याऐवजी म्हणा, "रविवारी हरसूलकडे बंधारा बांधायला चाललोय. सहाला त्र्यंबक नाक्यावर या. जुने कपडे घाला, जेवण आमच्याकडे. वहिनींना आणि मुलांनाही आणा." दोन-तीन कामांवर आलेला माणूस स्वतःच विचारतो की तुमच्यात यायला काय करावं लागतं. तोपर्यंत थांबायचं. त्याला आपण आवडलो का हे त्याला पाहू द्या, आणि त्याचा स्वभाव आपल्यालाही कळू द्या.

कुणाला बोलवायचं? कामावर भेटलेल्यांना आधी. शिबिरात आपणहून खुर्च्या उचलू लागलेला तरुण, रक्तपेढीतली नर्स, पोती देणाऱ्या साइटचा इंजिनिअर. मुंबई-पुण्याहून नाशिकला राहायला आलेली कुटुंबं तर माणसं जोडायला उत्सुकच असतात. त्यांचं इथे कुणी नसतं. रोटरॅक्ट किंवा लिओ या रोटरी-लायन्सच्या तरुणांच्या क्लबांत काम केलेली मुलं नोकरीला लागल्यावर कुठे जातात याचा माग ठेवा. त्यांना कामाची शिस्त आधीच असते, फक्त वर्गणी परवडत नाही. त्यांच्यासाठी पहिली दोन वर्षं वर्गणी कमी ठेवता येते का ते क्लबाच्या बोर्डाने, म्हणजे संचालक मंडळाने, पाहावं.

स्त्रियांबद्दल स्पष्ट लिहितो. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं. त्याला तीन तपं उलटली. तरी अजून अनेक क्लबांत सभासद नवरा असतो आणि शिबिराच्या नोंदणीपासून पंगतीपर्यंत निम्मं काम बायको करते, पण मतदानाचा हक्क तिला नसतो. नव्या सभासदांच्या शोधात शहरभर फिरण्याआधी आपल्याच घरातल्या या कार्यकर्तीला रीतसर सभासद करा. पती-पत्नी दोघं सभासद असतील तर वर्गणीत सवलत देणं क्लबाच्या हातात असतं.

आणि पैशाचं आधीच सांगा. वार्षिक वर्गणी किती, सभेच्या जेवणाचा खर्च वेगळा का, प्रकल्पासाठी वेगळी देणगी अपेक्षित आहे का, महिन्याला किती तास लागतील. एका छापील कागदावर हे सगळं द्या. आत आल्यावर एकेक खर्च कळत गेला की माणसाला फसल्यासारखं वाटतं.

टप्पा ५ : पहिले नव्वद दिवस

सभासद टिकतो की जातो हे याच काळात ठरतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

पिन लावायच्या आधीच त्याचा पालक-सभासद ठरवा. ज्याने त्याला आणलं तोच पालक नको. त्यांची ओळख आहेच, त्याला दुसरं माणूस मिळू द्या. पालकाचं काम फार अवघड नाही, पण ते नेमाने करावं लागतं. पहिल्या चार सभांना त्याला बरोबर घेऊन यायचं, शेजारी बसवायचं, दर वेळी दोन नव्या माणसांशी ओळख करून द्यायची. नाशिकरोडच्या सभासदाला गंगापूर रोडच्या हॉलवर यायचं तर संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास सहज जातो. पालक जर म्हणाला, "ताई, मी बिटकोवरून जातोच आहे, साडेसातला तुम्हाला घेतो," तर ती येते. नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून काहीतरी कारण निघतं.

पहिल्या महिन्यात छोटं पण पूर्ण काम द्या. "समितीत नाव घातलंय" हे काम नव्हे. वर सांगितलेले पाच रुग्ण, पोत्यांचे गठ्ठे, विहिरीची वही, ही कामं झाली. त्याला सुरुवात आणि शेवट असतो आणि झालं की नाही ते दिसतं. दुसऱ्या महिन्यात त्याला त्याच्या व्यवसायाबद्दल सभेत पंधरा मिनिटं बोलू द्या. द्राक्ष निर्यातीत पेटी कशी तपासली जाते, बँकेत सोनेतारण कर्ज कसं देतात, हे ऐकायला लोकांना खूप आवडतं आणि वक्त्याला सगळे नावानिशी ओळखू लागतात. तिसऱ्या महिन्यात अध्यक्षांनी त्याच्या घरी चहाला जावं. तिथे विचारायचं, "क्लबात तुम्हाला काय खटकलं?" आणि उत्तर ऐकून घ्यायचं, खुलासा करत बसायचं नाही. नव्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं ते वर्षभरानंतर त्यालाही दिसेनासं होतं.

सलग दोन कामं किंवा तीन सभा चुकल्या की त्याच आठवड्यात फोन गेला पाहिजे. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकणं वेगळं आणि फोन करणं वेगळं. घरात आजारपण असतं, नोकरीची अडचण असते. अशा वेळी क्लब पाठीशी उभा राहिला तर तो माणूस आयुष्यभर सोडून जात नाही.

टप्पा ६ : सभा आटोपशीर करा

रोटरीने २०१६ पासून आठवड्याच्या सभेची सक्ती सैल केली. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतं, आणि प्रत्यक्ष काम हीसुद्धा सभा धरता येते. ही मोकळीक वापरा. महिन्यात एक सभा हॉलमध्ये, एक कामाच्या जागी, असं करून पाहा. हॉलमधली सभा एका तासात संपवा. स्वागत, शाल-श्रीफळ, मान्यवरांचा परिचय यांना मिळून दहा मिनिटं. प्रत्येक सभेत चालू प्रकल्पाचा हिशेब पाच मिनिटांत द्यायचा आणि तो ज्याच्याकडे काम आहे त्यानेच द्यायचा, अध्यक्षाने नाही. नव्या सभासदाला माईक हातात घेण्याची सवय यातूनच लागते. सभेची जागा वर्षातून दोनदा तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्या.

टप्पा ७ : पैशाची दोन खाती

वर्गणी आणि प्रकल्पनिधी एकाच खात्यात ठेवू नका. वर्गणीतून हॉल, जेवण, वरच्या संस्थेचं देणं. लोकांच्या देणगीतून फक्त काम. देणगीतला रुपयासुद्धा सोहळ्यावर खर्च झाला नाही हे छातीठोक सांगता आलं तरच पुढच्या वर्षी देणगी मागायला तोंड राहतं. क्लबाचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या संस्थांमध्ये हे हमखास राहून जातं आणि पुढे बँकेपासून अनुदानापर्यंत सगळीकडे अडतं. देणगीदाराला ८० जी ची, म्हणजे आयकरातली, सवलत हवी असेल तर दोन हजारांपुढची देणगी रोखीने घेऊ नका.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांकडून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा, मिळवायचा असेल तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी आधी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे. कंपनी कायद्यानुसार पाचशे कोटी निव्वळ मालमत्ता, हजार कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा यांपैकी एक जरी लागू असलं तरी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. त्यांचा आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, तेव्हा प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीतच घेऊन जा. प्रस्तावाबरोबर विहिरीच्या नोंदीची वही दाखवा. दहा फोटोंपेक्षा त्या वहीचं वजन जास्त पडतं.

टप्पा ८ : ज्येष्ठांना बाजूला सारू नका

तरुण आणायचे म्हणून ज्येष्ठांना मार्गदर्शक म्हणायचं आणि पहिल्या रांगेत नुसतं बसवून ठेवायचं, हे मला पटत नाही. त्यांना सकाळी मोकळा वेळ असतो, सरकारी कार्यालयात त्यांच्या शब्दाला मान असतो, आणि कोणत्या गावात आधी काय झालं ते त्यांना माहीत असतं. परवानग्या, पत्रव्यवहार, हिशेब तपासणी, शाळांच्या भेटी ही कामं त्यांची. त्यांच्याकडून एकच मागायचं : "हे आम्ही १९९५ लाच करून पाहिलं, जमत नाही," असं भर सभेत म्हणायचं नाही. तेव्हा का जमलं नाही ते नव्या सभासदाला शेजारी बसवून सांगायचं.

टप्पा ९ : अध्यक्ष बदलला तरी प्रकल्प बदलू नये

रोटरी, लायन्स, इनरव्हील या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नवा अध्यक्ष येतो आणि स्वतःच्या नावाचा नवा प्रकल्प काढतो, जुना तिथेच सुटतो. पोलिओचं काम असं चाललं असतं तर काय झालं असतं? रोटरीने ते १९८५ मध्ये हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या जवळजवळ तीस वर्षांत प्रत्येक क्लबाचे तितकेच अध्यक्ष झाले, आणि प्रत्येकाने आधीच्याने सोडलेल्या जागेपासून काम पुढे नेलं.

म्हणून मोठा प्रकल्प तीन वर्षांचाच घ्या आणि त्याचा ठराव तिघांच्या सहीने करा : मावळते अध्यक्ष, आताचे अध्यक्ष आणि होणारे अध्यक्ष. प्रकल्पप्रमुख तीन वर्षं तोच ठेवा आणि त्याच्या हाताखाली उपप्रमुख म्हणून नवा सभासद द्या, म्हणजे चौथ्या वर्षी माणूस तयार असतो. जूनमध्ये पदभार देताना फाइल हातात द्या : परवानग्यांच्या प्रती, गावातल्या माणसांचे फोन, खर्चाचा हिशेब, अपुरं काय राहिलं त्याची यादी.

याची परीक्षा नाशिकच्या क्लबांसमोर उभीच आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य पर्वं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये येतात. क्लबाच्या हिशेबाने ते २०२७-२८ च्या अध्यक्षांचं वर्ष, आणि तेही त्यांच्या पहिल्याच दोन-तीन महिन्यांत. त्यांनी जुलैत तयारी सुरू केली तर काहीच हाती लागणार नाही. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, हरवलेल्या माणसांची मदत, निर्माल्य संकलन, यातलं कोणतं काम आपण घ्यायचं ते २०२६-२७ च्या बोर्डाने ठरवावं लागेल. प्रशासनाला पत्र, स्वयंसेवकांची यादी, त्यांचे पास आणि प्रशिक्षण हे सगळं त्याच वर्षात व्हायला हवं. होणाऱ्या अध्यक्षांना त्या समितीचं प्रमुखपद आत्ताच द्या. स्वयंसेवकांच्या यादीत क्लबाबाहेरची शंभर नावं घाला. त्यांच्याकडून आधी एक पावसाळी रविवार गोदाघाटावर निर्माल्य संकलनाचं काम करून घ्या, आणि त्या दिवशी कोण न सांगता शेवटपर्यंत थांबलं त्यांची नावं सचिवांनी वेगळी लिहून ठेवावीत.